बोथट हत्यार, हाताला घात

“पटाशी बोथट असलेली बरी, हात तरी कापत नाही,” असे सुतारकाम शिकणारी पुष्कळ मुले म्हणतात. हा समज घातक आहे. बोथट पटाशी लाकडात शिरत नाही. मग अंगाचा जोर लावावा लागतो. ती सटकते आणि लाकूड धरलेल्या हातात घुसते. हात जायबंदी झाला की घरची चूल थंडावते.

पटाशीचा उतार साधारणपणे २५ अंशांचा घासतात. काही कारागीर तोच कायम ठेवतात. काही टोकाला ३० अंशांची धार देतात. मऊ लाकडाला पहिली रीत चालते, कठीण लाकडात दुसरी जास्त टिकते. उतार घासताना पाठीवर बारीक कंगोरा येतो. पाठ दगडावर सपाट टेकवून तो काढावा. धार अंगठ्यावर पाहू नये; मऊ फळीच्या टोकाकडून पातळ साल सुटली, की धार झाली समजावे. काम करताना लाकूड शिकंज्यात आवळावे आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावेत.

पालकहो, मुलगा या धंद्यात शिरत असेल, तर पटाशीबरोबरच धार लावायचा दगडही घेऊन द्या.