शनिवारचा भाव

अलिबागच्या बाजारात पापलेटला दोन भाव असतात, आठवड्यातला आणि शनिवारचा. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला उतरवणारी रो-रो मार्च 2020 मध्ये सुरू झाली आणि शनिवार आणखी चढला. कोळणीचं यात चुकत नाही. डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा, सगळं तिलाही बाजारभावानेच पडतं. पण तिच्या पाटीसमोर बंगल्यांत धुणीभांडी करणारी बाईही उभी असते. ती पापलेटकडे बघत नाही. मांदेलीचा वाटा उचलते, तोही घासाघीस करून.

मासळी सोमवारी उतरते तरी. जमिनीला सोमवार नसतो.

ही जमीन इथल्या माणसाला सुखासुखी मिळालेली नाही. अलिबागजवळच्या चरीत ऑक्टोबर 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. संप 1939 पर्यंत चालला. सहा वर्षं शेतं ओस पडली, पण कुळं हटली नाहीत. 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. पुढे कुळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी कसणारा मालक ठरला.

त्याच कुळांच्या नातवंडांनी गुंठा गुंठा करून जमिनी विकल्या. त्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. खारेपाटात बांध फुटला की उधाणाचं पाणी शेतात शिरतं आणि भाताची आशा काही हंगाम सोडावी लागते. घरात लग्न, आजारपण, चार भावांचा सामायिक सातबारा. अशा वेळी दारात रोख पैसे घेऊन दलाल उभा. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, ही कुळकायद्याची अट आहेच, पण खरेदीदाराकडे पैसा असला की कुठल्यातरी जिल्ह्यातला शेतकरी दाखला निघतोच, असं गावात उघड बोललं जातं. विक्रीचे पैसे घर, गाडी आणि लग्नात जिरले. आता त्याच घरातल्या मुलाला वेगळी चूल मांडायला दोन गुंठे हवे असतात, तेव्हा त्याची बोली मुंबईतल्या उद्योगपतीच्या बोलीशी लागते. माझ्या मते इथल्या महागाईचं मूळ नेमकं इथे आहे: वस्तू एक, पण तिच्यासाठी लावलेले खिसे दोन, आणि त्यांत कसलीच बरोबरी नाही.

सरकारी आकड्यांत हे सापडत नाही. 2012 पायावर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात ग्रामीण भागासाठी घरभाडं धरलंच नव्हतं. जमिनीचा भाव तर त्यात बसतच नाही. विषमतेचा आकडा मात्र आहे. पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या 2024 च्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे 40 टक्के संपत्ती होती. त्यातल्या काहींची फार्महाऊस किहीम-आवासला आहेत, एवढी भर मी घालतो.

1991 नंतरच्या मोकळ्या बाजाराला सगळा दोष देऊन मात्र चालणार नाही. त्याआधी जमीन सरकारच घेत होतं. जानेवारी 1984 मध्ये उरणमध्ये नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. पुढे महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी पेण तालुक्यातल्या 22 गावांनी जमीन द्यायची की नाही यावर 21 सप्टेंबर 2008 रोजी थेट मतदान केलं. सेझ नंतर बारगळला. म्हणजे घेणारा समोर दिसला की रायगडचा माणूस लढतो. दलालामार्फत एकेक सातबारा फिरतो, तेव्हा मोर्चा न्यायचा कुणावर?

जानेवारी 2024 मध्ये मुंबईहून उरणकडे येणारा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. मोटारीचा एकेरी टोल 250 रुपये. त्याच वर्षी उरण, पनवेल, पेणमधल्या 124 गावांच्या नवनगरासाठी एमएमआरडीएची नेमणूक झाली. गावठाणांचा विस्तार आणि कोळीवाड्यांचं सीमांकन या इथल्या जुन्या मागण्या आहेत. त्या नवनगराच्या आराखड्याआधी पुऱ्या करा. नंतर करायच्या म्हटल्या, तर सरकारलाही ती जागा शनिवारच्या भावाने घ्यावी लागेल.