जोड्या लावण्याचा एक संगणकीय खेळ : 'शांघाय'

बालवर्गात 'जोड्या लावा' हा पाठ आपण नित्य घेतो. डावीकडील चित्राशी उजवीकडील चित्र जुळले की काम झाले. कोणती जोडी आधी लावली, यास तेथे महत्त्व नसते. ज्यात या क्रमासच सारे महत्त्व आहे, असा एक खेळ ॲक्टिव्हिजन या अमेरिकन कंपनीने १९८६ साली 'शांघाय' या नावाने मॅकिन्टॉश, कमोडोर ६४ इत्यादी तत्कालीन संगणकांकरिता प्रसिद्ध केला.

चिनी माहजाँग खेळातील १४४ सोंगट्या पडद्यावर पाच थरांत रचलेल्या असतात. तळाशी ८७, त्यावर अनुक्रमे ३६, १६, ४ आणि शिखरावर १. सारख्या चिन्हाच्या दोन सोंगट्या निवडल्या की त्या नाहीशा होतात. अट एवढीच की, सोंगटीवर दुसरी सोंगटी नसावी व तिची डावी किंवा उजवी बाजू मोकळी असावी. (ऋतूंच्या चार व फुलांच्या चार सोंगट्या दिसण्यात निरनिराळ्या असल्या तरी आपापल्या गटात परस्परांशी जुळतात.) सर्व ७२ जोड्या उचलल्या म्हणजे डाव सुटला.

मग यात कठीण ते काय? प्रत्येक चिन्हाच्या सोंगट्या चार. समजा, त्यांपैकी तीन मोकळ्या आहेत आणि चौथी नेमकी तिसरीच्या खाली दडली आहे. उतावीळ मुलगा पहिली व दुसरी उचलील. झाले! तिसरीची जोडीदार आता तिच्याच खाली अडकली. ती दोन्ही कधीच सुटावयाची नाहीत. पहिलीशी तिसरी जुळविली असती, तर चौथी उघडी पडून पुढे दुसरीशी जुळू शकली असती. दडलेली सोंगटी दिसत नाही हे खरे. परंतु तीनच दिसतात, तेव्हा चौथी कोठेतरी खाली असली पाहिजे, एवढे अनुमान मुलास करता येते. म्हणून जी उचलल्याने दुसरी मोकळी होईल, ती आधी उचलावी. कधी कधी रचनाच अशी पडते की, कितीही विचारपूर्वक खेळले तरी डाव सुटत नाही. हे मुलांस अगोदर सांगावे. नाहीतर ती विनाकारण हिरमुसतात.

या खेळाचा कर्ता ब्रोडी लॉकार्ड हा स्टॅनफर्ड विद्यापीठातील कसरतपटू. १९७९ साली ट्रँपोलिनवरील अपघातात त्याचे हातपाय लुळे पडले. तोंडात काठी धरून एकेक कळ दाबीत त्याने १९८१ साली 'प्लेटो' या शैक्षणिक संगणकव्यवस्थेवर हा खेळ प्रथम रचला.

वर्गात यासाठी संगणकच हवा असे नाही. पुठ्ठ्याचे सोळा तुकडे करून चार अक्षरे प्रत्येकी चार वेळा लिहावीत. बारा तुकडे तळाशी व चार त्यांवर मांडावेत. जोडी उचलण्यापूर्वी मुलाने 'हीच का?' याचे उत्तर द्यावे, मगच तिला हात लावावा.