लग्नाचा इंतजाम दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी

लग्नाचा बस्ता बांधायला जी कुटुंबे आमच्या कापडाच्या दुकानात येतात, त्यांच्याबरोबर आता पुष्कळदा एक परका माणूस असतो. कोणी त्याला वेडिंग प्लॅनर म्हणतो, कोणी इव्हेंटवाला, तर कोणी नुसते मॅनेजमेंटवाले भाई. हॉल ठरविणे, बावर्ची आणणे, मंडप, रोषणाई, फुले, फोटो, बाहेरगावच्या पाहुण्यांची उतरण्याची सोय, ही सारी कामे तो अंगावर घेतो आणि त्याचा मेहनताना घेतो. पूर्वी ही चाल बड्या घरांपुरती होती. आता आमचे दुकानदार, कारखानदार आणि कारागीर बांधवही असा माणूस ठेवू लागले आहेत. म्हणून या प्रश्नाचा हिशेबी नजरेने विचार केला पाहिजे.

घरातले लग्न हा असा खर्च आहे की ज्याचा परतावा खातेवहीत कधी येत नाही. व्यापाऱ्याच्या घरी हा पैसा बहुधा धंद्याच्या भांडवलातूनच निघतो. लग्न थाटात पार पडते, लोक दावतीची तारीफ करतात, आणि पुढच्या हंगामाला माल भरायची वेळ आली की हात रिकामा असतो. मग सूतवाल्याची उधारी थकते आणि बाजारातली साख जाते. संयोजक हा खर्च आटोक्यात ठेवू शकतो, तसाच तो दुप्पटही करू शकतो. दोन्ही त्याच्याच हातात असते.

संयोजक दलाल आहे की मुनीम?

कापडाच्या बाजारात दलाल आणि मुनीम यांतला फरक सर्वांना ठाऊक आहे. मुनीम आपला पगारी माणूस असतो. दलाल सौदा जुळवतो आणि दलाली घेतो. संयोजकाला पहिला प्रश्न हाच विचारावा की त्याची कमाई कोठून येते. कमाईचे चार प्रकार आहेत.

पहिला, ठरावीक मेहनताना. काम कोणते आणि रक्कम किती हे आधीच ठरते. यात त्याचा फायदा तुमचा खर्च वाढण्यावर अवलंबून नसतो.

दुसरा, खर्चावर टक्केवारी. समजा ६ लाखांचा अंदाज आहे आणि त्याचे १० टक्के ठरले, तर त्याला ६० हजार मिळतील. खर्च ८ लाखांवर गेला तर ८० हजार मिळतील. म्हणजे ज्याने तुमचा हात धरायचा, त्याचाच नफा तुमचा हात सैल सोडण्यात आहे. टक्केवारीच द्यायची असेल तर ती मूळ अंदाजावर बांधून घ्यावी, वाढीव खर्चावर देऊ नये.

तिसरा, समोरच्याकडून कमिशन. "तुमच्याकडून आम्ही काहीच घेत नाही," असे सांगणारा संयोजक बहुधा हॉलवाला, केटरर आणि फुलवाला यांच्याकडून घेतो. ते कमिशन तुमच्याच बिलात मिसळलेले असते. कमिशन घेणे म्हणजे बेइमानी नव्हे, पण ते लपविणे बेइमानी आहे. स्पष्ट विचारावे आणि उत्तर कागदावर घ्यावे.

चौथा, ठोक ठेका. इतक्या रकमेत सारे काम. येथे त्याची बचत हाच त्याचा नफा. म्हणून ताटात काय असेल, देगीत तांदूळ किती किलो आणि गोश्त किती किलो, कनात आणि खुर्च्या किती, हे सारे लिहून घेतल्याशिवाय ठोक सौदा करू नये. नमुना न पाहता आपण ताका उचलत नाही, तसेच हे आहे.

कोणाला गरज आहे, कोणाला नाही

निकाह मोहल्ल्याच्या मस्जिदीत आणि वलीमा शे-दोनशे माणसांचा असेल, घरात भाऊ-पुतणे हाताशी असतील, तर संयोजकाची काही गरज नाही. अनेक गावांत जमातीची भांडी असतात, वाढायला तरुण मुले असतात, बावर्ची पिढ्यान्पिढ्यांच्या ओळखीचा असतो. अशा ठिकाणी पैसे देऊन परका माणूस आणणे म्हणजे घरची विहीर सोडून टँकर मागविणे होय. शिवाय निकाहाची सादगी ही आपल्याकडे खूबी मानली जाते, उणीव नव्हे.

गरज पडते ती वेगळ्या परिस्थितीत. निकाह एका शहरात आणि वलीमा दुसऱ्या शहरात असेल. घरचा कर्ता आखाती देशात असून लग्नाच्या दहा दिवस आधी येणार असेल. बाहेरगावचे पाहुणे मोठ्या संख्येने उतरणार असतील. किंवा घरात धावपळ करणारे कोणी नसून आई एकटीच सारे पाहत असेल. अशा घरात संयोजकाचा मेहनताना वाया जात नाही.

मधला मार्गही आहे. हॉल, बावर्ची, कपडे घरच्यांनी ठरवावे आणि फक्त दोन दिवसांच्या देखरेखीसाठी माणूस ठेवावा. घरचे लोक पाहुण्यांना भेटू शकतात, आणि खर्चाची किल्ली आपल्याच हाती राहते. बहुतेक मध्यम कुटुंबांना आम्ही हाच मशविरा देऊ.

पारख कशी करावी

फोटोंचा अल्बम किंवा मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून कोणाला ठेवू नये. सजावट सर्वांचीच चांगली दिसते. त्याने सांभाळलेल्या तीन लग्नघरांची नावे मागावी आणि तिथे जाऊन एकच गोष्ट विचारावी : ठरलेली रक्कम आणि शेवटी दिलेली रक्कम यांत किती फरक पडला?

त्यानंतर ज्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही, तिकडे जावे. बावर्ची, मंडपवाला आणि वाढपी यांना विचारावे की हा माणूस पैसे वेळेवर देतो का. जो मजुराची मजुरी अडकवतो, तो तुमच्या मुलीच्या लग्नातही मंडपवाल्याला ऐनवेळी रुसवून ठेवील. जमल्यास त्याचे चालू असलेले एखादे काम जेवणाच्या वेळी पाहावे. दुसरी पंगत बसताना जो शांत असतो, तो आपल्या कामाचा माणूस.

महिलांच्या बाजूला वाढायला आणि फोटो काढायला स्त्रियाच असतील का, हे आधी विचारावे. ऐनवेळी "बाई मिळाल्या नाहीत" हे ऐकण्यात अर्थ नाही.

तारीख, वेळ आणि रमजान

आपल्या लग्नांचा हंगाम चांद्र वर्षाप्रमाणे फिरतो. इस्लामी महिने दर वर्षी इंग्रजी तारखेपेक्षा दहा-अकरा दिवस मागे सरकतात. रमजानच्या आधी शाबानमध्ये गर्दी होते, रमजानमध्ये लग्ने थांबतात, मुहर्रममध्येही पुष्कळ घरे लग्न ठेवीत नाहीत. रमजानच्या आधीची गर्दी शाळेच्या सुट्ट्यांना किंवा हिंदू बांधवांच्या लग्नसराईला भिडली की हॉल आणि बावर्ची दोन्ही महागतात. जाणकार संयोजक हे वर्षभर आधी सांगतो. चंद्रदर्शनाने एक दिवस मागे-पुढे होऊ शकतो, म्हणून हॉलच्या करारात नेहमी इंग्रजी तारीख घालावी.

रात्रीचा कार्यक्रम ठरविताना इशाची नमाज आणि कायदा दोन्ही ध्यानात असावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. बिलात "संगीत परवाना" अशी रक्कम दिसली तर कारण विचारावे. कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या समारंभांना सूट आहे आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये तसा खुलासाही केला आहे.

कागद आणि पैसा

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआन शरीफने सूरह बकरहमध्ये (आयत २८२) दिली आहे. तरीही लाखाचा सौदा आपण "आपलाच माणूस आहे" म्हणून तोंडी करतो. करारात निदान इतके असावे : तारीख व वेळ, कामांची यादी, ताटांची किमान संख्या, जास्त ताटाचा दर, मेहनताना, कमिशनचा खुलासा आणि लग्न पुढे गेल्यास काय करायचे. २०२० च्या लॉकडाऊननंतर लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली होती. ज्यांच्या करारात पुढे ढकलण्याचे कलम नव्हते, त्यांच्या हाती बयाणा परत मागण्यासाठी काही नव्हते.

बयाणा एक तृतीयांशाहून जास्त देऊ नये. दुसरा हप्ता लग्नाच्या आठवड्यात आणि शेवटचा हिशेब मिटल्यावर द्यावा. हॉल आणि बावर्ची यांचे पैसे शक्यतो थेट त्यांनाच देऊन पावती घ्यावी.

आयकराच्या नियमाने २०१७ पासून एका प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. घेणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो. इव्हेंटच्या कामावर १८ टक्के जीएसटी आहे, पण ज्याच्याकडे जीएसटी नोंदणीच नाही त्याला तो वसूल करता येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक पाहावा. फसवणूक झाल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी नाही.

निकाहाची नोंदणी संयोजकाच्या यादीत नसते. महाराष्ट्रात ती ९० दिवसांच्या आत करावयाची असते, म्हणून काझीसाहेबांशी आधीच बोलून घरच्या एका माणसाकडे हे काम द्यावे.

माल आणि हुनर पुरविणाऱ्यांसाठी

आमचे पुष्कळ वाचक या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला आहेत : बावर्ची, मंडपवाले, जरीकाम करणारे, मेंदी काढणाऱ्या भगिनी. संयोजकामार्फत काम घेताना बिल कोणाच्या नावाचे आणि पैसे कोण देणार हे आधी ठरवावे. "पार्टीकडून आले की देतो," ही अट मान्य करू नये. पार्टीशी करार त्याचा आहे, तुमचा नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी असेल, तर कायद्याप्रमाणे माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी ठराव असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि ठराव नसल्यास १५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. नोंदणीला फी लागत नाही. ज्या कारागिरांनी ती केलेली नाही, त्यांनी येत्या हंगामापूर्वी करून घ्यावी.

लग्नघरांना आमचे इतकेच सांगणे आहे की संयोजक शोधण्याआधी घरात बसून खर्चाचा एक आकडा ठरवावा आणि तो वहीत लिहावा. तो आकडा ऐकून जो संयोजक त्याच्या आत काम बसवून दाखवील, त्याच्याशी पुढचे बोलणे करावे. जो आकडाच वाढवायला सांगेल, त्याला चहा पाजून निरोप द्यावा.