धक्के कमी होतात, पण लहानच होतात असं नाही

सांगोल्याजवळ 3 एप्रिल 2025 रोजी 2.6 तीव्रतेचा भूकंप झाला. एवढ्या धक्क्यानं फळीवरचं भांडंही खाली येत नाही. पण सोलापूर जिल्ह्यात अशी बातमी आली की तीन गोष्टी ठरलेल्या. कुणी म्हणतं, किल्लारीचेच धक्के अजून चालू आहेत. कुणी म्हणतं, आता मोठा येणार. आणि तिसरा धीर देतो : बारीकसारीक होऊन गेले ना, मग मोठा टळला.

आधी किल्लारी. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत, आणि पहाटे चारच्या सुमारास 6.2 तीव्रतेच्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं जमीनदोस्त केली. सोलापूर शहर तिथून सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटरवर. मुख्य धक्क्यानंतर पुढचे धक्के येत राहिले आणि लोक घराबाहेर झोपू लागले. हे पश्चात धक्के किती दिवस चालतात, याला एक नियम आहे. तो सापडला जपानमध्ये.

1891 साली तिथल्या नोबी भागात प्रचंड भूकंप झाला. फुसाकिची ओमोरी या शास्त्रज्ञानं नंतरचे धक्के मोजले आणि 1894 मध्ये मांडलं की त्यांची संख्या साधारणपणे उलटलेल्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी शंभर धक्के असतील, तर दहाव्या दिवशी दहाएक आणि शंभराव्या दिवशी एखादा. म्हणजे सुरुवातीला घट झपाट्यानं होते आणि पुढे ती रेंगाळते. याच हिशोबातून एक विचित्र गोष्ट निघते : पहिल्या दिवसापासून दहाव्यापर्यंत जितके धक्के, जवळजवळ तितकेच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. फक्त ते नव्वद दिवसांत विखुरलेले असतात, म्हणून ‘थांबले एकदाचे’ असं वाटतं. नोबीच्या परिसरात शंभर वर्षांनंतरच्या नोंदीसुद्धा ओमोरीच्या वक्राला धरूनच होत्या.

मग सांगोल्याचा धक्का किल्लारीचा का नाही? कारण पश्चात धक्क्यांची शेपूट काळात लांबते, जमिनीवर नाही. पश्चात धक्के जो भ्रंश (खडकातली भेग) सरकला त्याच्यावर आणि त्याच्या आसपास होतात. किल्लारीच्या आकाराच्या भूकंपात हा भाग फार तर वीस-तीस किलोमीटरांचा असतो. सांगोला किल्लारीपासून दीडशे किलोमीटरहून लांब आहे. खुद्द किल्लारीच्या शिवारात आज बारीक धक्का जाणवला, तर तो जुन्या मालिकेतला असू शकतो; दख्खनसारख्या संथ प्रदेशात अशा मालिका फार काळ चालतात.

सगळ्यात घातक गैरसमज मात्र वेगळाच आहे : दिवसागणिक धक्के लहान होत जातात. घटते ती संख्या. लहान-मोठ्यांचं आपसातलं प्रमाण साधारण तेच राहतं. 5 तीव्रतेचा एक, तर 4 चे दहा आणि 3 चे शंभर, हा गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी दाखवलेला हिशोब पहिल्या दिवशी लागू असतो तसाच पन्नासाव्या दिवशीही. एकूणच धक्के कमी, म्हणून मोठा येण्याची शक्यता कमी. पण आला तर तो मोठाच असतो. सर्वांत मोठा पश्चात धक्का मुख्य भूकंपापेक्षा सरासरी 1.2 नं कमी असतो, असं स्वीडनच्या बोथ यांनी 1965 मध्ये दाखवलं. यातला ‘सरासरी’ हा शब्द विसरू नये. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 रोजी 7.8 चा भूकंप झाला आणि सतरा दिवसांनी, 12 मे रोजी, 7.3 चा. त्या दुसऱ्या धक्क्यानंही दोनशेहून अधिक माणसं मारली.

आपल्याकडच्या माळवदाच्या घरांना हे जास्त लागू आहे. दगडमातीची जाड भिंत, वर मातीचा भार. पहिल्या हादऱ्यात भिंत तडकते, उभी राहते, आणि पडायला पुढचा लहान धक्काही पुरतो. सामान काढायला आत शिरणं म्हणूनच पहिल्या काही दिवसांत सर्वांत वाईट.

आता ‘छोटे झाले, मोठा टळला’. तीव्रता एकानं वाढली की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. किल्लारीइतकी ऊर्जा बाहेर पडायला सांगोल्यासारखे अडीच लाखांच्या घरात धक्के लागतील. आणि किल्लारीनंच या समजाला उत्तर देऊन ठेवलं आहे : ऑगस्ट ते ऑक्टोबर 1992 मध्ये तिथे धक्क्यांची मालिका झाली होती, आणि वर्षभरात मोठा आला.

याचा उलटा अर्थ काढून प्रत्येक धक्क्याला घाबरण्यातही मतलब नाही. जगभरच्या नोंदींत एखाद्या भूकंपामागून काही दिवसांत जवळच त्याहून मोठा भूकंप होण्याचं प्रमाण शंभरात पाच-सहा एवढंच आहे. कुठला धक्का त्या पाच-सहांतला, हे मोठा येऊन गेल्यावरच कळतं. म्हणून ‘आज रात्री दोन वाजता’ असा फॉरवर्ड आला की तो खोटाच. खरा अंदाज वेळ सांगत नाही, तो ‘पुढच्या आठवड्यात 5 च्या वरचा होण्याची शक्यता इतके टक्के’ असा असतो. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण मोठ्या भूकंपानंतर असे आकडे जाहीर करतं, आणि त्यामागे ओमोरीचंच सूत्र असतं.

कोयनेची गोष्ट मात्र निराळी. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर तिथले धक्के आजही येतात, आणि त्यांचा चढउतार धरणातल्या पाण्याच्या पातळीशी जोडलेला आहे. पाणी दरवर्षी चढतं आणि उतरतं, त्यामुळे मालिकेला नवं कारण मिळत राहतं. ओमोरीचा वक्र एकाच ढकलीनंतरच्या घटीचा आहे, कोयनेत अशी ढकल दरवर्षी मिळते.