बेचाळीस विरुद्ध बावीस: यीस्टवरच्या लसीचे अडलेले गणित

जगात दरवर्षी सुमारे १३ कोटी ८० लाख स्त्रियांना योनिमार्गाचा यीस्ट संसर्ग वर्षातून चार किंवा अधिक वेळा गाठतो, असा २०१८चा अंदाज आहे. भारतात २०२२च्या अंदाजानुसार अशा स्त्रिया २ कोटी ४० लाख. खाज, जळजळ, अंगावरून पांढरे जाणे. आणि लाजेपोटी घरातही न बोलणे. बहुतेक वेळा कारण एकच, कॅन्डिडा अल्बिकन्स ही यीस्ट प्रकारची बुरशी. माणसांसाठी मान्यता मिळालेल्या बुरशीविरोधी लसी मात्र शून्य.

सध्याचा नेहमीचा उपाय फ्लुकोनॅझोल हे औषध. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८७ स्त्रियांवरच्या चाचणीत आठवड्याला १५० मिलिग्रॅमची गोळी सहा महिने दिली गेली. तेवढा काळ ९०.८ टक्के जणींना त्रास झाला नाही. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांत हे प्रमाण ३५.९ टक्के होते. गोळ्या थांबल्यावर आणखी सहा महिन्यांनी हेच आकडे ४२.९ आणि २१.९वर आले.

आता लस. यीस्टची पेशी एएलएस-३ या प्रथिनाच्या आधारे आपल्या पेशींना चिकटते आणि आत शिरते. एनडीव्ही-३ए ही लस शरीराला नेमके हेच प्रथिन ओळखायला शिकवते. अमेरिकेत १८८ स्त्रियांवर तिची चाचणी झाली. निष्कर्ष २०१८मध्ये आले. चाळिशीच्या आतल्या स्त्रियांत वर्षभर त्रासमुक्त राहिलेल्या लस गटात ४२ टक्के, प्लासिबो गटात २२. निम्म्या जणींना पुन्हा त्रास होईपर्यंत एकीकडे २१० दिवस गेले, दुसरीकडे १०५. चाचण्या वेगळ्या, म्हणून थेट तुलना करता येत नाही. तरीही सहा महिन्यांच्या गोळ्यांनी वर्षअखेर जे साधले, जवळपास तेच एका इंजेक्शननंतर दिसले, हे मला फार मोलाचे वाटते.

पण चाळिशीची ही रेषा आकडे हाती आल्यावर आखलेली होती. असा निष्कर्ष आशा दाखवतो, पुरावा ठरत नाही.

काम मुळातच अवघड आहे. कॅन्डिडा अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात राहतोच. त्याला हाकलायचे नाही, फक्त आवरायचे आहे. शिवाय वारंवार संसर्ग होऊनही या स्त्रियांचे शरीर पुरेसे शिकत नाही. म्हणजे लसीने निसर्गापेक्षा सरस धडा द्यायला हवा.

वयोगट आधीच ठरवून मोठी चाचणी घेणे, हाच पुढचा टप्पा आहे. २ कोटी ४० लाख रुग्ण असलेल्या भारताने त्यासाठी सरकारी पैसा द्यावा आणि पुढाकारही घ्यावा.