रक्तात शिरलेल्या कणाची गोष्ट

पोरांनो, आजच्या गोष्टीतला नायक फारच लहान आहे. तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत त्याच्यासारखे हजारभर कण शेजारी शेजारी मावतील. तेलकट रेणूंची ही एक गोळी, ऐंशी नॅनोमीटरच्या आसपासची. मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. गोळीच्या पोटात औषध आहे आणि ते तिला यकृतात पोचवायचं आहे. सलाइनच्या नळीतून ती हाताच्या शिरेत उतरते आणि खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या की पिवळसर प्लाझ्मा उरतो. त्याच्या एका लिटरमध्ये साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं असतात, आणि तीही हजारो प्रकारची. कण आत आला की ती त्याला एकटा राहूच देत नाहीत. जर्मनीतल्या माइन्झच्या संशोधकांनी सिलिका आणि पॉलिस्टायरीनचे कण प्लाझ्मात सोडून पाहिले. अर्ध्या मिनिटाच्या आत कणांवर प्रथिनांचा थर तयार झालेला होता आणि त्यात जवळजवळ तीनशे प्रकारची प्रथिनं सापडली. हा शोध २०१३ सालचा. तीस सेकंदांत तीनशे प्रकार! मला अजूनही याचं नवल वाटतं.

ती चिकटतात तरी का? प्रथिनाच्या अंगावर काही जागा पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या असतात, कणाच्या अंगावरही तशा जागा असतात. त्या एकमेकींना भिडल्या की मध्ये अडकलेलं पाणी सुटून मोकळं होतं. काही ठिकाणी धन आणि ऋण विद्युतभार एकमेकांना ओढतात. चिकटताना एखादं प्रथिन थोडं उलगडतंही आणि त्याची एरवी आत दडलेली बाजू बाहेर येते.

आता गंमत पाहा. आधी आलेलं प्रथिन शेवटपर्यंत तिथे राहतंच असं नाही. एसटी फलाटाला लागली की चपळ पोरं आधी आत घुसतात आणि जागा पटकावतात. मग थोरली मंडळी पिशव्या सावरत येतात आणि पोरांना उठावं लागतं. रक्तातलं अल्ब्युमिन हे त्या पोरांसारखं, संख्येने भरपूर आणि आकाराने लहान. ते पहिलं येऊन बसतं. पुढे फायब्रिनोजेनसारखी मोठी, संथ, पण जास्त घट्ट धरणारी प्रथिनं येतात आणि त्याला हटवतात. पुष्कळदा त्यांनाही आणखी कुणासाठी उठावं लागतं.

ही अदलाबदल लक्षात आणून दिली लिओ व्रोमन यांनी. हा माणूस तुम्हाला सांगायलाच हवा. जन्म हॉलंडमधला, १९१५ चा. १९४० मध्ये जर्मन फौजा देशात शिरल्या तेव्हा ते बोटीने इंग्लंडला निसटले, तिथून जावा बेटावर गेले आणि पुढे जपानी सैन्याच्या कैदेत सापडले. वाग्दत्त वधू तिकडे हॉलंडमध्येच राहिली होती. दोघांची पुन्हा भेट झाली ती १९४७ मध्ये, अमेरिकेत. तिथे व्रोमन रक्ताचा अभ्यास करत आणि डच भाषेत कविता लिहीत. दोन्हींत त्यांचं मोठं नाव झालं. प्लाझ्मा एखाद्या पृष्ठभागाला लागला की त्यावर काय काय घडतं, हे ते बघत बसायचे. १९६२ मध्ये त्यांनी त्याबद्दल ‘नेचर’मध्ये लिहिलं, आणि प्रथिनांच्या या अदलाबदलीला आज त्यांचंच नाव आहे. नॅनोकणांवरच्या थराला ‘प्रोटीन करोना’ हे नाव मिळालं ते बरंच नंतर, २००७ मध्ये, डब्लिन आणि लुंड इथल्या संशोधकांकडून.

या थराला एवढं महत्त्व कशाला? कारण पेशीची गाठ मूळ कणाशी पडतच नाही, त्याच्या अंगावरच्या थराशी पडते. थरात प्रतिपिंडं किंवा पूरक प्रथिनं असली की यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षकपेशी त्याला परका समजून गिळून टाकतात. डब्लिनच्या संशोधकांनी सिलिकाच्या कणांवर ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन बसवलं होतं. कर्करोगाच्या पुष्कळ पेशींवर ट्रान्सफेरिन ओळखणाऱ्या जागा भरपूर असतात, म्हणजे कण नेमके त्यांच्याकडे जातील असा हिशेब. साध्या द्रावात तो जमलाही. पण रक्तातली प्रथिनं मिसळल्यावर ती वर येऊन बसली, ट्रान्सफेरिन झाकलं गेलं आणि कणांची ओळखच गेली.

“मग आजोबा, औषध वायाच जाणार?”

नाही गं, ईरा. आपल्या तेलकट गोळीकडे परत ये. तिच्या अंगावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे धागे असतात. ते सुरुवातीला प्रथिनांना जरा लांब ठेवतात. रक्तात फिरताना हे धागे गळून पडतात आणि मग एपोलिपोप्रोटीन ई नावाचं प्रथिन येऊन बसतं. रक्तातली चरबी वाहून नेणं हे त्याचं रोजचं काम, त्यामुळे यकृताच्या पेशी त्याला चांगलंच ओळखतात. त्याला आत घेताना त्या गोळीलाही घेतात. हे २०१० मध्ये उंदरांवर तपासून पाहिलं गेलं. ज्या उंदरांच्या शरीरात हे प्रथिन तयारच होत नव्हतं, त्यांच्यात औषधाने काम केलं नाही. तेच प्रथिन गोळ्यांना आधी लावून दिलं, तेव्हा औषध पुन्हा चालू लागलं.

या वाटेने गेलेलं औषध म्हणजे पॅटिसिरान. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. एका आनुवंशिक आजारात यकृत ट्रान्सथायरेटिन नावाचं सदोष प्रथिन बनवतं. ते नसांमध्ये आणि हृदयात साचत जातं, हातपाय बधिर होतात, चालणं अवघड होतं. दर तीन आठवड्यांनी शिरेतून हे औषध दिल्यावर रुग्णांच्या रक्तातलं ट्रान्सथायरेटिन सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी झालं. बनवणाऱ्यांनी गोळीवर यकृताचा पत्ता लिहिलेला नव्हता, तो रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताने वाटेत चिकटवला.