मोबाईलची बँडविड्थ : ती साठते का, वाया जाते का?

वसई-अर्नाळा पट्ट्यातील बागायतदार आता हवामानाचा अंदाज, बाजारभाव आणि रोगट पानाचे छायाचित्र पाठविण्यासाठी मोबाईलवरील इंटरनेट वापरतात. एका टॉवरवर अनेक घरांचे फोन चालत असल्याने बँडविड्थ ही सामाईक वस्तू आहे. मात्र तिची बचत पाण्याच्या बचतीसारखी होत नाही, हे शेतकरी बंधूंनी लक्षात घ्यावे.

बँडविड्थ म्हणजे काय?

एका सेकंदात जास्तीत जास्त जेवढी माहिती वाहून नेता येते, ती बँडविड्थ. बावखलातील पाणी आज उपसले नाही तर उद्या बरेचसे शिल्लक राहते. बँडविड्थ अशी साठत नाही. तिचे साम्य गावच्या रोहित्राशी आहे. रात्री पंप बंद होते म्हणून सकाळी रोहित्राची क्षमता वाढत नाही. पण सर्व पंप एकदम सुरू झाले की विजेचा दाब घसरतो. त्याचप्रमाणे रात्री दोन वाजता टॉवर मोकळा असताना पाहिलेल्या चित्रफितीमुळे शेजाऱ्याचे काही अडत नाही. संध्याकाळच्या गर्दीत मात्र तीच चित्रफीत इतरांचा वाटा खाते.

नासाडी कशी होते?

१) गर्दीच्या वेळी चित्रफिती आपोआप उतरतात आणि पुष्कळदा कोणी पाहतही नाही.

२) सिग्नल कमजोर असेल तर टॉवरला तीच माहिती हळू व प्रसंगी पुन्हा पाठवावी लागते. तेवढा वेळ इतरांना मिळत नाही.

३) गरजेपेक्षा मोठे माध्यम वापरले जाते. एक लघुसंदेश जास्तीत जास्त १४० बाइटचा असतो. ३ मेगाबाइटचे एक छायाचित्र अशा सुमारे २१ हजार संदेशांएवढे भरते.

वारणेचा अनुभव

कोल्हापूर-सांगली भागातील वारणा सहकारी समूहाच्या ७० गावांत १९९८ मध्ये संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. पुढे ७ गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या लघुसंदेशांवर उसाची माहिती देण्याचा प्रयोग झाला व २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. थोडक्या आकड्यांचे काम लहान संदेशावर कमी खर्चात भागते, हे त्यातून दिसले.

काय करावे?

१) चित्रफिती आपोआप उतरण्याची सोय बंद ठेवावी.

२) मोठ्या चित्रफिती रात्री उशिरा किंवा पहाटे उतरवून घ्याव्यात.

३) रोगाचे छायाचित्र चांगला सिग्नल असलेल्या जागेवरून पाठवावे. एक स्पष्ट छायाचित्र पुरते.

४) भाव, वजन, वेळ ही माहिती अक्षरांतच कळवावी.

५) वादळाच्या इशाऱ्याच्या वेळी चित्रफिती पुढे पाठवू नयेत. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. अशा दिवशी समुद्रावरील नाखवा आणि बागेतील शेतकरी या दोघांनाही इशाऱ्याची एक ओळ वेळेत मिळणे महत्त्वाचे असते.